बागेतला आकडा घरातल्या मोबाईलवर कसा येतो

तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या भागांतून जाताना द्राक्षबागेच्या कडेला खांबावर बसवलेली पांढरी पेटी आता कोणाला नवलाची वाटत नाही. त्या पेटीतले यंत्र हवेतील आर्द्रता, तापमान आणि पानांचा ओलावा मोजते आणि बागायतदाराला ते आकडे घरबसल्या मोबाईलवर दाखवते. दावण्या, म्हणजे डाऊनी मिल्ड्यू, या रोगासाठी फवारणी कधी घ्यायची हे पाने किती तास ओली राहिली यावर बरेचसे अवलंबून असल्यामुळे त्या आकड्यांना मोल आहे. विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू करणारा स्टार्टर तर शेतात त्याही आधी पोहोचला. दुसरीकडे सांगली-साताऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, तंत्रनिकेतनांत आणि आयटीआयमध्ये शिकणारी मुले असेच यंत्र सुटे भाग आणून टेबलावर तयार करतात. सेन्सर आकडा देतो, छोट्या पडद्यावर तो दिसतो, इथपर्यंत सारे जमते. मग घरातले कोणीतरी विचारते, की बागेत न जाता हा आकडा इथे कसा बघायचा.

या प्रश्नाचे उत्तर पायरीपायरीने देण्याचा हा प्रयत्न आहे. माझे मत मात्र सुरुवातीलाच नोंदवतो. आजच्या बोर्डांना इंटरनेट जोडणे हे काम फारसे कठीण राहिलेले नाही. खरी कसोटी लागते ती जोडणी तुटल्यावर यंत्राने काय करायचे हे ठरवताना, आणि त्याचा विचार शेवटी न करता अगदी आरंभी करावा लागतो.

मायक्रोकंट्रोलर मुळात इंटरनेटपासून दूर का असतो

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेला लहान संगणक. आकडेमोड करणारा भाग, प्रोग्राम साठवण्याची जागा, काम करताना लागणारी मेमरी आणि बाहेरच्या तारा जोडण्याच्या पिना हे सर्व त्यात असते. शिकणाऱ्यांच्या हाती बहुधा सर्वांत आधी येणारा बोर्ड म्हणजे आर्डुइनो उनो. इटलीतील इव्रेआ या गावी २००५ साली विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या प्रकल्पातून तो पुढे आला. त्याच्यावरील एटीमेगा-३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्झ वेगाने चालते, प्रोग्रामसाठी तिच्यात ३२ किलोबाइट जागा असते आणि कामाची मेमरी असते फक्त २ किलोबाइट, म्हणजे २०४८ बाइट. देवनागरीतले एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. त्या हिशेबाने या लेखाचा पहिला परिच्छेदसुद्धा त्या मेमरीत मावणार नाही.

तापमान वाचायला आणि रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, चालू-बंद करायला एवढी मेमरी पुष्कळ झाली. परंतु इंटरनेटवर माहिती पाठवायची म्हणजे तिचे तुकडे पाडणे, वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा पाठवणे, समोरचा सर्व्हर खरा आहे का हे तपासणे आणि मजकूर इतरांना वाचता येणार नाही अशा रीतीने कूटबद्ध करणे, अशी अनेक कामे एकाच वेळी करावी लागतात. रेडिओ लहरींचे काम त्याहून वेगळे. म्हणूनच पूर्वी वायफाय किंवा इंटरनेटच्या केबलसाठी वेगळा आणि बराच महाग बोर्ड उनोवर चढवावा लागे.

हे चित्र २०१४ मध्ये बदलू लागले. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी-८२६६ ही चिप त्या वर्षी स्वस्त मॉड्यूलच्या रूपात बाजारात आली. सुरुवातीला तिच्याकडे केवळ जोडभाग म्हणून पाहिले जाई: उनोने तारेवरून ‘एटी’ या अक्षरांनी सुरू होणारी आज्ञा द्यायची आणि मॉड्यूलने ती वायफायवर पार पाडायची. लवकरच लोकांच्या लक्षात आले, की या चिपमधील ८० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर उनोपेक्षा कितीतरी वेगवान आहे आणि आपला संपूर्ण प्रोग्राम तिच्यातच चालवता येतो. मग उनोची गरजच उरत नाही. २०१६ मध्ये त्याच कंपनीची ईएसपी-३२ आली. तिच्यात दोन प्रोसेसर, २४० मेगाहर्ट्झपर्यंतचा वेग, ५२० किलोबाइट मेमरी आणि वायफायसोबत ब्लूटूथही होते. २०२२ मध्ये रास्पबेरी पाय पिको डब्ल्यू हा वायफाय असलेला लहान बोर्ड मिळू लागला. आर्डुइनोने स्वतः २०२३ मध्ये काढलेल्या उनो आर-४ वायफाय या बोर्डावर वायफायचे काम ईएसपी-३२ कुळातलीच चिप करते.

जुन्या बोर्डाला जोड द्यावी, की नवा बोर्ड घ्यावा

नवा प्रकल्प असेल तर वायफाय आतच असलेला बोर्ड घ्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांचा उनोवरचा प्रकल्प चालू स्थितीत आहे आणि तो मोडायचा नाही, त्यांनी ईएसपीचे मॉड्यूल जोडावे. मात्र दोन गोष्टींकडे दुर्लक्ष केले तर ते मॉड्यूल कधी चालेल, कधी बंद पडेल आणि कारणही सापडणार नाही.

पहिली गोष्ट व्होल्टेजची. उनोच्या पिना ५ व्होल्टच्या आहेत, ईएसपीच्या ३.३ व्होल्टच्या. उनोकडून मॉड्यूलकडे जाणारी तार थेट न जोडता एक किलोओहम आणि दोन किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज खाली आणावे. पाच व्होल्टचे त्यातून साधारण ३.३ व्होल्ट होतात. दोन्ही बोर्डांचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले असणे आवश्यक आहे. दुसरी गोष्ट करंटची, आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते. मूळ उनोची ३.३ व्होल्टची पिन ५० मिलिअँपिअरच देऊ शकते, तर वायफायवर संदेश पाठवण्याच्या क्षणी मॉड्यूलला त्याच्या कित्येक पट करंट लागतो. तो न मिळाल्यामुळे व्होल्टेज क्षणभर कोसळते आणि मॉड्यूल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात आठवडा घालवण्याआधी किमान ५०० मिलिअँपिअर देणारा स्वतंत्र ३.३ व्होल्टचा पुरवठा आणि मॉड्यूलच्या अगदी जवळ एक मोठा कपॅसिटर, म्हणजे क्षणभरापुरती वीज साठवणारा भाग, लावून पाहावा.

आधी अंतर मोजावे

कोणता बोर्ड घ्यायचा यापेक्षा यंत्र कुठे बसणार आहे हा प्रश्न मोठा आहे, आणि तो सोडवण्यासाठी शेतात जाऊन उभे राहावे लागते.

घर आणि गोठा, किंवा वस्तीला लागून असलेली विहीर, एवढेच अंतर असेल तर वायफाय पुरते. या स्वस्त बोर्डांपैकी बहुतेकांना २.४ गिगाहर्ट्झचेच वायफाय कळते, ५ गिगाहर्ट्झचे कळत नाही. त्यामुळे नवीन राउटरवर दोन्हींना एकच नाव दिलेले असेल तर जोडणी कधीकधी अडते आणि दोन्हींची नावे वेगळी केली की सुटते. द्राक्षबागेत आणखी एक अडचण येते, जी टेबलावर कधीच दिसत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि हिरव्या पानांत पाणीच भरलेले असते. ऑक्टोबरातल्या फळछाटणीनंतर बाग उघडी असताना तपासलेली रेंज, पाने भरून मांडव झाकला की तशीच राहील असे मुळीच धरू नये. मांडवाच्या लोखंडी तारा त्यात भर घालतात. त्यामुळे रेंजची परीक्षा पाने पूर्ण भरलेली असताना घ्यावी किंवा अँटेना मांडवाच्या वर न्यावी.

लोखंडी पेटीबाबतही हेच आहे. मोटरच्या स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीत बोर्ड सुरक्षित राहील असे वाटून तो आत बसवला जातो, आणि पेटीचे दार बंद करताच रेंज जाते. चहूबाजूंनी धातू असेल तर रेडिओ लहरी बाहेर पडू शकत नाहीत. बोर्डाला प्लास्टिकची स्वतंत्र पेटी द्यावी, किंवा बाहेर काढता येईल अशा अँटेनाचे मॉड्यूल घ्यावे.

घरापासून बाग दूर असेल आणि तिथे मोबाईलची रेंज असेल तर सिमकार्डाचे मॉड्यूल घेता येते. सिम-८००एल हे त्यातले स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे मॉड्यूल फक्त टूजीवर चालते. जिओचे जाळे पहिल्यापासून फोरजीचे आहे, त्यामुळे जिओचे सिम त्या मॉड्यूलमध्ये चालतच नाही. इतर कंपन्यांची टूजी सेवाही किती वर्षे राहील यावर नवीन यंत्राचा पाया घालू नये, फोरजीचे मॉड्यूल घ्यावे. शिवाय सिम-८००एलला क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट लागतो. वर सांगितलेला पुरवठ्याचा मुद्दा इथे आणखी ठळक होतो.

तिसरा मार्ग लोराचा. हा लांब पल्ल्याचा, कमी विजेवर चालणारा रेडिओ आहे आणि मोकळ्या माळावर त्याचा संदेश काही किलोमीटर जातो. त्याच्यावरून फोटो किंवा आवाज पाठवता येणार नाही. पंधरा-वीस बाइटांचे आकडे मात्र उत्तम जातात. लोरा म्हणजे इंटरनेट नव्हे, हे लक्षात घ्यावे. बागेतल्या बोर्डाने लोरावरून पाठवलेला आकडा घरातल्या दुसऱ्या बोर्डाने ऐकायचा आणि त्याने तो घरच्या वायफायवरून पुढे इंटरनेटवर द्यायचा, अशी ती दुहेरी रचना आहे. तासगाव-कवठेमहांकाळच्या उघड्या माळावर हा मार्ग मला सर्वांत पसंत आहे. पाटण किंवा जावळीच्या खोऱ्यात मध्ये डोंगर आडवा आला, की त्याचा पल्ला एकदम घटतो. भारतात लोरासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो. अमेरिकेसाठी बनवलेले ९१५ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण तो पट्टा आपल्याकडे विनापरवाना खुला नाही.

आकडा जातो कुठे आणि मोबाईलला तो सापडतो कसा

बोर्ड वायफायला जोडला गेला, की घरात बसून त्याचा पत्ता, समजा १९२.१६८ ने सुरू होणारा, मोबाईलच्या ब्राउझरमध्ये टाकून आकडा पाहता येतो. पुण्याला गेल्यावर तोच पत्ता टाकला तर काहीच दिसत नाही. याचे कारण असे, की तो पत्ता फक्त घरातल्या जाळ्यापुरता असतो. बाहेरच्या जगाला दिसतो तो राउटरचा पत्ता, आणि अनेकदा तोही कंपनीने शेकडो ग्राहकांत मिळून वापरलेला असतो. बाहेरून आत शिरणे त्यामुळे अवघड, पण आतून बाहेर जाणे सोपे असते. म्हणून शहाणी रचना अशी, की बोर्डाने आपणहून बाहेरच्या एका सर्व्हरकडे जावे, मोबाईलनेही त्याच सर्व्हरकडे जावे आणि दोघांची गाठ तिथे पडावी.

या कामासाठी एमक्यूटीटी नावाची पद्धत सर्वाधिक वापरली जाते. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ साली ती तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार केली. उपग्रहाची जोडणी महाग, मंद आणि वारंवार तुटणारी असल्यामुळे संदेश लहानात लहान ठेवणे भाग होते. आपल्या बागेतली स्थिती फारशी वेगळी नाही, म्हणूनच ती पद्धत इथे इतकी चपखल बसते.

तिचे स्वरूप सांगलीच्या हळदीच्या सौद्यांवरून समजून घेता येईल. शेतकरी आपला माल अडत दुकानी उतरवतो. घेणारा कोण, कुठला, हे त्याला माहीत असण्याची गरज नसते. खरेदीदारही त्याच्या शेतावर जात नाही, तो अडतीवर येतो. एमक्यूटीटीमध्ये अडत्याच्या जागी ब्रोकर नावाचा सर्व्हर असतो. बोर्ड त्याच्याकडे ‘उत्तरबाग, तापमान’ अशा एखाद्या विषयाखाली आकडा ठेवतो आणि ज्या मोबाईलने किंवा संगणकाने तो विषय मागून ठेवला आहे, त्याच्याकडे तो लगेच पोहोचतो. फरक इतकाच, की हळदीचे पोते एकालाच मिळते आणि इथे मागणाऱ्या प्रत्येकाला आकड्याची प्रत मिळते.

ब्रोकरकडे दोन सोयी असतात, ज्यांचा उपयोग नवशिक्यांकडून क्वचितच होतो. बोर्ड जोडला जातानाच सांगून ठेवू शकतो, की माझी जोडणी अचानक तुटली तर माझ्या वतीने अमुक संदेश सर्वांना दे. त्यामुळे बागेतले यंत्र बंद पडल्याचे घरी आपोआप कळते. दुसरी सोय अशी, की विषयाखालचा शेवटचा संदेश ब्रोकर जपून ठेवतो आणि नव्याने येणाऱ्याला तो तत्काळ देतो. तापमानासाठी ही सोय छान आहे. मोटरच्या आज्ञेसाठी ती घातक ठरू शकते. ‘मोटर चालू’ ही आज्ञा जपून ठेवली गेली असेल, तर वीज जाऊन आल्यावर बोर्ड पुन्हा ब्रोकरला जोडला जाईल, त्याला ती कालची आज्ञा आजची म्हणून मिळेल आणि कोणी न सांगता मोटर चालू होईल.

मॉस्क्विटो नावाचा ब्रोकर मोफत मिळतो आणि घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरही चालतो. मात्र घराबाहेरूनही आकडे पाहायचे तर तो भाड्याच्या सर्व्हरवर ठेवणे सोयीचे. तेवढाही व्याप नको असेल आणि केवळ आलेख पाहायचा असेल तर थिंगस्पीकसारख्या तयार सेवेवर सुरुवात करायला हरकत नाही.

डेटाचा खर्च किती होईल ही शंका हमखास विचारली जाते. दर दहा मिनिटांनी एक संदेश म्हणजे दिवसाला १४४ संदेश. आगेमागे लागणारी सर्व माहिती धरून एकेक संदेश १०० बाइटांचा मानला, तर दिवसाला सुमारे १४ किलोबाइट आणि महिन्याला साडेचारशे किलोबाइटांच्या आत काम होते. दर वेळी नव्याने सुरक्षित जोडणी केली तर प्रत्येक खेपेला काही किलोबाइट वाढतात, तरीही मोबाईलवर पाहिलेल्या एका छोट्या व्हिडिओपेक्षा महिन्याचा हा खर्च जास्त होत नाही. पैसे जातात ते सिम चालू ठेवण्याचे. आकड्यांचे जवळजवळ नाहीत.

बॅटरी किती दिवस पुरेल

वायफाय सतत चालू ठेवलेली ईएसपी-३२ सरासरी १०० मिलिअँपिअर घेते असे धरू. २५०० मिलिअँपिअर-तासाची लिथियमची कांडी तिला २५ तास पुरेल. दुसऱ्या दिवशी यंत्र बंद. यावरचा उपाय म्हणजे गाढ झोप: दहा मिनिटांतून एकदा जागे व्हायचे, मोजायचे, पाठवायचे आणि पुन्हा झोपायचे. जागेपण पाच सेकंदांचे आणि त्या वेळचा करंट १२० मिलिअँपिअर धरला, तर दिवसातली १४४ जागेपणे मिळून बारा मिनिटे होतात आणि २४ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. झोपेत चिप सुमारे १० मायक्रोअँपिअर घेते, म्हणजे दिवसभरात पाव मिलिअँपिअर-तासाहून कमी. कागदावर ही कांडी शंभर दिवस पुरते.

प्रत्यक्षात ती दहा-बारा दिवसांत संपते, आणि पुष्कळांना वाटते की प्रोग्राम झोपतच नाही. चिप झोपलेली असते. जागा असतो तो बोर्ड. प्रयोगांसाठी विकल्या जाणाऱ्या बोर्डांवर यूएसबीची चिप, व्होल्टेज उतरवणारा भाग आणि पेटलेला लाल दिवा हे सर्व मिळून झोपेच्या वेळीही काही मिलिअँपिअर घेत राहतात. समजा ते आठ आहेत. दिवसाला १९२ मिलिअँपिअर-तास तिथेच गेले. बागेत ठेवायच्या यंत्रासाठी झोपेतला करंट कमी असलेला बोर्ड मुद्दाम निवडावा, किंवा एक छोटे सौर पॅनेल लावावे. पॅनेल लावणाऱ्यांनी फवारणीचा विचार करावा. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण पानांसोबत पॅनेलवर आणि सेन्सरवरही बसते. त्याचा निळसर थर पुसला नाही तर वीजही घटते आणि आर्द्रतेचा आकडाही बिघडतो.

रेंज गेली तर यंत्र काय करणार

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण यंत्र टेबलावर असताना जोडणी कधी जात नाही आणि शेतात ती रोज जाते.

भारनियमन असलेल्या गावात काय घडते ते पाहू. वीज जाते, राउटर आणि बोर्ड दोन्ही बंद होतात. वीज येते तेव्हा बोर्ड सेकंद-दोन सेकंदांत सुरू होऊन वायफाय शोधू लागतो, पण राउटरला पूर्ण सुरू व्हायला एक-दोन मिनिटे लागतात. प्रोग्राममध्ये जोडणीचा प्रयत्न फक्त आरंभी, एकदाच केलेला असेल, तर बोर्डाला वायफाय सापडत नाही आणि तो पुढची वीज जाईपर्यंत मुका राहतो. याउलट अनेक नमुना प्रोग्राम जोडणी होईपर्यंत एकाच ठिकाणी थांबून राहतात. तेवढ्या वेळात तापमान मोजणे, पाणीपातळी पाहणे, मोटर बंद करणे ही सारी कामेही थांबतात. जोडणीचा प्रयत्न पुन्हा पुन्हा, पण मूळ काम न अडवता, आणि प्रत्येक प्रयत्नामागे थोडे अधिक थांबून व्हायला हवा. प्रोग्राम कुठे अडकलाच तर ठरावीक वेळाने चिपला आपोआप पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग टायमर या चिपांमध्ये असतोच, तो वापरावा.

विहिरीवरच्या मोटरचा विचार करताना एक विभागणी मनाशी पक्की करावी. जे निर्णय चुकले तर नुकसान होते, ते बोर्डाने जागेवरच घ्यायचे. इंटरनेटवरून फक्त माहिती आणि विनंती यावी. विहिरीतले पाणी संपले, मोटर कोरडी चालू लागली, तिचा करंट घसरला, की बोर्डाने कोणाला न विचारता ती बंद करावी आणि मग जमेल तेव्हा मोबाईलवर कळवावे. आज्ञा देतानाही ‘मोटर चालू’ एवढेच न म्हणता ‘चाळीस मिनिटे चालू’ असे म्हणावे. ‘बंद’ हा संदेश रेंजअभावी पोहोचला नाही तरी चाळीस मिनिटांनी मोटर थांबेल. थ्री फेजच्या स्टार्टरवरचे हाताने चालवायचे बटण कायम ठेवावे, लहान रिलेतून मोटरचा करंट कधीही थेट नेऊ नये आणि ही जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी.

मोजलेले आकडेही हरवू देऊ नयेत. एक नोंद २० बाइटांची धरली तर दिवसाच्या १४४ नोंदींना तीन किलोबाइटही लागत नाहीत. बोर्डावरच्या कायमस्वरूपी मेमरीतला एक मेगाबाइट बाजूला ठेवला तर जवळपास वर्षभराच्या नोंदी त्यात राहतात. रेंज आल्यावर त्या पाठवता येतात. मात्र प्रत्येक नोंदीला मोजल्याची वेळ जोडलेली असावी लागते, कारण पाठवल्याची वेळ मोजल्याची वेळ नसते. इंटरनेट असताना बोर्ड वेळ सर्व्हरकडून घेतो. नसताना डीएस-३२३१सारखे बॅटरीवर चालणारे स्वस्त घड्याळ लावले, तर वर्षाकाठी मिनिटभराचाच फरक पडतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी शिरलेल्या भागात वीजपुरवठा बंद ठेवावा लागतो. ओढ्याकाठी किंवा नदीकाठी पाणीपातळी मोजणारे यंत्र बसवण्याची कल्पना आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना वारंवार सुचते आणि ती मला फार मोलाची वाटते. परंतु ज्या रात्री त्या यंत्राची सर्वाधिक गरज असेल, त्याच रात्री वीज, राउटर आणि कदाचित मोबाईलचा टॉवरही बंद असेल, हे गृहीत धरूनच ते बनवावे लागेल. त्याला स्वतःची बॅटरी हवी, लोरासारखा स्वतंत्र मार्ग हवा आणि इंटरनेट नसतानाही वाजेल असा भोंगा हवा.

माझ्या बागेचे तापमान चोरून कोणाला काय मिळणार

तापमान चोरून खरोखरच कोणाला काही मिळणार नाही. धोका दुसरा आहे. चाचणीसाठी खुले असलेले ब्रोकर इंटरनेटवर आहेत आणि शिकण्यासाठी ते उपयोगी आहेत, परंतु तिथले विषय कोणीही वाचू शकतो आणि कोणीही त्यांवर संदेश टाकू शकतो. अशा ब्रोकरवर मोटरची आज्ञा ठेवली, तर कुठल्याही देशातला अनोळखी माणूस ती मोटर चालू करू शकतो, आणि त्या वेळी आपला माणूस विहिरीत उतरलेला किंवा केबलचा सांधा उघडून बसलेला असू शकतो.

दुसरा धोका इतरांना होतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी डाइन या, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर एकदम मागण्यांचा मारा करण्यात आला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांसाठी काही तास बंद पडल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना बहुधा पत्ताही नव्हता. मिराई लिनक्सवर चालणाऱ्या उपकरणांसाठी होता, ईएसपीसारख्या बोर्डांना तो लागू पडत नव्हता. तरी न बदललेल्या पासवर्डचा धडा आपल्यालाही लागू आहे.

म्हणून ब्रोकरला पासवर्ड असावा, प्रत्येक बोर्डाचा तो वेगळा असावा आणि जोडणी कूटबद्ध असावी. एमक्यूटीटीसाठी ती बहुधा ८८८३ क्रमांकाच्या पोर्टवर असते, तर १८८३ हे पोर्ट उघड्या जोडणीचे. घरच्या राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय ठेवण्याची सोय असेल तर बोर्ड त्यावर ठेवावेत. कूटबद्ध जोडणीत सर्व्हरची ओळख पटवण्यासाठी बोर्डात एक प्रमाणपत्र साठवावे लागते आणि त्याला मुदत असते. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रे ज्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्रावर विसंबून होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली आणि नवे प्रमाणपत्र ठाऊक नसलेली अनेक जुनी उपकरणे सर्व्हरशी बोलेनाशी झाली. खांबावर चढून पेटी न उघडता वायफायवरूनच बोर्डाचा प्रोग्राम बदलता येण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी, ती यासाठी.

तयार यंत्र मिळत असताना हा खटाटोप कशाला

ज्याला फक्त फवारणीचा निर्णय हवा आहे आणि यंत्रात रस नाही, त्याने तयार यंत्र अवश्य घ्यावे. घेताना मात्र विचारावे, की आकडे कोणाच्या सर्व्हरवर राहतात, ते आपल्याला उतरवून घेता येतात का आणि ती सेवा बंद झाली तर यंत्राचे काय होते. घरातली उपकरणे नियंत्रित करणारे रिव्हॉल्व्ह नावाचे यंत्र बनवणारी कंपनी गुगलच्या नेस्ट कंपनीने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्या यंत्राचा सर्व्हर बंद केला. लोकांच्या घरातली चालू यंत्रे त्या दिवसापासून निकामी झाली. स्वतः बनवलेल्या यंत्राचा सर्व्हर बदलणे आपल्या हाती असते, आणि बिघाड झाल्यावर दुरुस्त करणारे हात गावातच असतात. शिकणाऱ्या मुलामुलींनी हे काम हाती घ्यावे असे मला मनापासून वाटते ते याचसाठी.

आपल्या वापरापुरते यंत्र बनवणे वेगळे आणि बनवून विकणे वेगळे. विनापरवाना पट्ट्यात चालणाऱ्या यंत्रालाही विक्रीसाठी दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची उपकरण-मान्यता लागते. ती आधीच मिळालेले रेडिओ मॉड्यूल निवडले तर पुढची वाट सोपी होते, म्हणून विकण्याचा विचार असणाऱ्यांनी मॉड्यूल घेतानाच विक्रेत्याकडे त्या मान्यतेचा कागद मागावा.

यंत्र बागेत नेण्यापूर्वी ते घरी खिडकीत आठवडाभर चालू ठेवावे आणि त्या आठवड्यात राउटर मुद्दाम तासभर बंद करावा, बोर्डाची वीज मध्येच काढावी, ब्रोकरचा पासवर्ड बदलून पाहावा. राउटर पुन्हा सुरू केल्यावर त्या तासातले सहाही आकडे, आपापल्या मोजल्याच्या वेळेसह, मोबाईलवर आले तर पेटी खांबावर चढवायला हरकत नाही.